पेढीवरचा वाचक आणि तीन कादंबऱ्या

व्यापारी जैन कुटुंबांत पुस्तकाचा अनादर कधीच नव्हता. ज्ञानपंचमीला ग्रंथांची पूजा होते, दिवाळीला वहीपूजन होते, चुकून पाय लागला तरी पुस्तक डोळ्यांना लावले जाते. कादंबरीच्या बाबतीत मात्र घरातील मोठी माणसे अजूनही थोडी साशंक असतात. सून किंवा नातू दुपारी कादंबरी घेऊन बसला, तर “त्यापेक्षा काही उपयोगाचे वाचावे,” असा शेरा ऐकू येतो. या शेऱ्यामागे जुना आधारही आहे. शास्त्रकारांनी स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा या चार विकथा वर्ज्य सांगितल्या आहेत, आणि वरवर पाहता बहुतेक कादंबऱ्या या चारांतच भरलेल्या दिसतात.

परंतु त्याच परंपरेने ग्राह्य कथांचेही चार प्रकार सांगितले आहेत. श्रोत्याला तत्त्वाकडे ओढणारी आक्षेपणी, चुकीच्या समजुतीपासून दूर नेणारी विक्षेपणी, संवेग जागवणारी संवेजनी आणि संसाराविषयी विरक्ती उत्पन्न करणारी निर्वेदनी. कथा कोणत्या विषयावर आहे, एवढ्यावरच तिचे मोल ठरत नाही. ती वाचून उठलेल्या माणसाच्या मनात काय शिल्लक राहते, हेही पाहावे लागते. अलीकडच्या काळात गाजलेल्या तीन भारतीय कादंबऱ्या या कसोटीवर वाचल्या, तर व्यापारी घरातील वाचकाला त्या अनपेक्षितपणे जवळच्या वाटतात. काही ठिकाणी त्या त्याला बोचतातही.

सोपाऱ्याचा लोभदेव

जैन वाचकाला कादंबरी परकी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. उद्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ हा प्राकृत कथाग्रंथ इ. स. ७७९ मध्ये जाबालिपुर म्हणजे आजच्या जालोर येथे पूर्ण केला. शके ७०० संपायला एक दिवस उरला असताना तो संपला, अशी नोंद खुद्द ग्रंथातच आहे. मराठी भाषेच्या इतिहासातही या ग्रंथाला स्थान आहे, कारण बाजारपेठेत निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात, त्या प्रसंगात मरहट्ट व्यापाऱ्याची बोलीही त्यात नोंदलेली आहे.

याच ग्रंथात लोभदेवाची कथा येते. तक्षशिलेकडचा हा व्यापारीपुत्र घोडे विकण्यासाठी शूर्पारकाला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला येतो. तेथे व्यापाऱ्यांची बैठक भरते आणि कोणी कोणता माल कोठे नेऊन किती नफा मिळवला, याच्या गोष्टी निघतात. रत्नद्वीपाच्या नफ्याचे वर्णन ऐकून लोभदेव आपल्या मित्राला भागीदार करून समुद्रावर निघतो. परतीच्या वाटेवर वाटणी करावी लागू नये म्हणून तो त्या मित्रालाच समुद्रात ढकलून देतो. पुढे तो मित्र राक्षसयोनीत जन्म घेऊन जहाज बुडवतो.

साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या या कथेत सट्टा, भागीदारी, नफ्याची हाव आणि वाटणीचा तंटा हे सारे आहे. उद्योतनसूरींनी व्यापाराची निंदा केलेली नाही. व्यापाऱ्याच्या मनातील एका कषायाचा माग त्यांनी काढला आहे. आजचा कादंबरीकार तेच काम करत असेल, तर त्याचे ऐकून घेण्यात संकोच कसला?

मुंग्या आणि मसाल्याची पाकिटे

विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही लघुकादंबरी कन्नडमध्ये २०१३ साली प्रकाशित झाली. श्रीनाथ पेरूर यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ती देशाबाहेरही पोहोचली. सव्वाशे पानांच्या आतबाहेरचे हे पुस्तक दोन बैठकांत वाचून होते. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील ज्या कुटुंबांत कन्नड बोलले जाते, त्यांना ते मूळ भाषेतही वाचता येईल.

कथा बंगळुरूमधील एका कुटुंबाची आहे. वडील चहापत्ती विकणाऱ्या कंपनीचे फिरते विक्रेते. रोज संध्याकाळी घरी येऊन ते दिवसभराच्या वसुलीचा हिशेब जुळवतात, आणि तो जुळेपर्यंत घरातील कोणाच्याही जिवात जीव नसतो. पुढे कंपनी त्यांना मुदतीआधी निवृत्त करते. मिळालेली रक्कम ते धाकट्या भावाच्या, चिक्कप्पाच्या, नव्या धंद्यात घालतात. मसाले घाऊक घ्यायचे, लहान पाकिटे भरायची आणि शहरातील दुकानांना पुरवायची, असा हा ‘सोना मसाला’. धंदा जमतो, पैसा येतो, कुटुंब लहानशा घरातून मोठ्या घरात जाते. आणि मग सगळे बिघडत जाते.

पहिल्या काही पानांवर व्यापारी घरातील वाचकाची मान डोलत राहते. रात्री रोजमेळ जुळवणारा बाप, सर्वांना ठाऊक असलेली घरातील प्रत्येक रुपयाची वाट, नवी वस्तू घ्यायची तर ती सगळ्यांच्या सल्ल्याने घ्यायची ही रीत, यांतील काहीच त्याला नवे नाही. नंतर मात्र तो अस्वस्थ होऊ लागतो. कथा सांगणारा मुलगा कंपनीचा संचालक आहे, पगार घेतो आणि काम काहीच करत नाही. त्याचा दिवस कॉफी हाऊसमध्ये जातो. कमावता एकच, चिक्कप्पा; म्हणून त्याच्या जेवणाच्या वेळा, त्याची झोप, त्याची लफडीही सारे घर मिळून सांभाळते. एके दिवशी दारात एक स्त्री त्याच्यासाठी डब्यातून आमटी घेऊन येते. घरातील बायका तिला ज्या शब्दांत हाकलून देतात, तो प्रसंग वाचताना पुस्तक क्षणभर मिटावेसे वाटते. नवी सून अनिता तेवढी याविरुद्ध बोलते. तिच्या माहेरी गुंत्यासाठी घरगुती शब्द आहे, ‘घाचर घोचर’. सोडवू म्हटले तरी न सुटणारी दोऱ्याची गाठ, असा त्याचा अर्थ.

जैन वाचक मात्र या साऱ्याआधीच एका ठिकाणी थबकतो: मुंग्यांच्या प्रकरणाशी. जुन्या घरात मुंग्यांचा उपद्रव असतो आणि कुटुंब त्यांच्याशी अक्षरशः युद्ध पुकारते. दिसेल ती मुंगी चिरडायची, आणि हळूहळू त्याचा आनंदही घ्यायचा. दुसरा वाचक ही पाने गरिबीचे वर्णन म्हणून वाचून पुढे जाईल. ज्या घरात मुंग्यांच्या वारुळाशी पीठसाखर घालण्याची सवय आजीने लावली, त्या घरातील वाचकाला तेथेच पुढच्या कथेची चाहूल लागते. अडचणीत आलेले हे माणसांचे टोळके आपल्या वाटेत येणाऱ्या लहान जिवाचे काय करते, हे लेखकाने सुरुवातीलाच दाखवून ठेवले आहे. शेवटच्या पानावर अनिताविषयी मनात उभी राहणारी भीती त्या मुंग्यांपर्यंत मागे जाते. लेखक तिच्याविषयी स्पष्ट काहीच सांगत नाही, आणि त्यामुळे ती भीती अधिकच वाढते.

दुसरी गोष्ट दानाची. धंद्यात वडिलांचा निम्मा हिस्सा आहे आणि ते सरळ मार्गाचे गृहस्थ आहेत. हा हिस्सा ते कोणाला दान तर करून टाकणार नाहीत ना, ही धास्ती घरातील सर्वांना असते. आपल्या समाजात दान ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. पाटीवर नाव लागते, बहुमान होतो. परंतु वडिलांनी उद्या खरोखरच मोठा हिस्सा सोडायचे ठरवले, तर घरातील किती चेहरे प्रसन्न राहतील? अपरिग्रहावरील प्रवचनाला मान डोलावणे सोपे असते. ‘घाचर घोचर’ हा प्रश्न प्रवचनाविना विचारते.

कादंबरीविषयी एक तक्रार मात्र राहते. पैसा आला की घर नासलेच पाहिजे, असा तिचा सूर लागतो. पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने पेढी चालवणारी, पैसा आला तरी पंगतीत बसण्याची रीत न बदलणारी घरेही आहेत, आणि या पुस्तकात त्यांना जागा नाही. पण या कुटुंबाला पैशाआधीचे बळही लाभलेले नव्हते, धर्माचे नाही आणि समाजाचेही नाही, हे ध्यानात घेतले की तक्रार थोडी सौम्य होते.

भिंतीकडे तोंड केलेली आई

गीतांजलि श्री यांची ‘रेत समाधि’ ही हिंदी कादंबरी २०१८ साली आली. डेझी रॉकवेल यांनी केलेल्या तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कोणत्याही भारतीय भाषेतून अनुवादित झालेल्या पुस्तकाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

पतीच्या निधनानंतर ऐंशी वर्षांची आई अंथरुणाला खिळते. घराकडे पाठ, तोंड भिंतीकडे. मुलगा, सून, नातवंडे सारे तिला उठवू पाहतात आणि ती उठत नाही. एके दिवशी मात्र ती उठते, ती कोणी ठरवून दिलेल्या वाटेने न जाण्यासाठीच. मुलाचे भरलेले घर सोडून एकट्या राहणाऱ्या मुलीकडे ती जाते, रोझी या तृतीयपंथी व्यक्तीशी जिव्हाळा जपते आणि अखेर सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते, जेथे तिचे पहिले आयुष्य फाळणीने गाडले गेले होते.

पुस्तक सोपे नाही. पहिली शे-दीडशे पाने संयमाची परीक्षा पाहतात. दार बोलते, कावळे सभा भरवतात, एक एक वाक्य पान व्यापते. कित्येक वाचक येथेच थांबतील आणि त्यांना दोष देता येणार नाही. जो पुढे जाईल, त्याला मात्र आपल्याच घरातील एक खोली नव्याने दिसेल.

विधवा झालेल्या वृद्धेला आपण सहज सांगतो, “आता धर्मध्यान करा.” सांगण्यामागे प्रेमच असते. परंतु त्या एका वाक्याने तिला काय खावेसे वाटते, कोठे जावेसे वाटते, कोणाला भेटावेसे वाटते, हे विचारण्याची जबाबदारीही संपते. स्वतःच्या इच्छेने सोडणे हा त्याग. दुसऱ्यांनी हळूहळू वगळणे हा त्याग नव्हे. दीक्षा घेणाऱ्यालाही संघासमोर आपली इच्छा प्रकट करावी लागते. मग सर्वस्व सोडण्याची अपेक्षा जिच्याकडून केली जाते, त्या आजीला कोणी विचारले आहे काय? मुलीकडे राहायला गेलेल्या आईची पानेही अशीच विचारात पाडतात. स्वतंत्र वृत्तीची मुलगी प्रथम आनंदते, आणि पुढे आपल्याच घरात तिला आपली जागा कमी होताना दिसते. त्यात खोटी भावुकता नाही.

फाळणीचा भाग वाचताना जैन वाचकाला गुजराँवाला आठवल्यावाचून राहत नाही. आचार्य विजयानंदसूरी म्हणजे आत्मारामजी महाराज यांचा स्वर्गवास १८९६ साली तेथेच झाला आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. १९४७ साली आचार्य विजयवल्लभसूरी तेथील संघाला सोबत घेऊन भारतात आले. मंदिरे आणि समाधी पलीकडे राहिली, माणसे अलीकडे आली. सीमेपलीकडे राहिलेल्या समाधीची ओढ काय असते, हे पंजाबातील अनेक जैन कुटुंबांना कादंबरी न वाचताही ठाऊक आहे.

रानात राहिलेली म्हैस

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या मराठी कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव उठले, माणसे दुसरीकडे वसली आणि जनावर मागे रानात राहिले. त्या म्हशीला परत आणण्यासाठी विस्थापित माणूस पुन्हा त्या रानात शिरतो. म्हैस मात्र आता दावणीची राहिलेली नाही, ती रानाची झाली आहे. माणूस आणि जनावर यांच्यातील ही झुंज म्हणजे कादंबरी. भाषा कोल्हापूरच्या डोंगराळ भागातील बोलीची; शहरातील वाचकाला प्रारंभी जड जाते, पण मोठ्याने वाचली की उलगडते.

पांजरपोळ चालवणाऱ्या समाजाला या कथेत स्वतःचे काही सापडेल. जीवदया म्हणजे जनावराला आणणे, बांधणे, चारणे, अशी आपली सवयीची कल्पना आहे, आणि दुष्काळात हजारो जिवांना तिनेच तारले आहे. परंतु ज्या जिवाने मोकळ्या रानात आपले जगणे उभे केले, त्याला पुन्हा दावे लावणे ही दया की मालकी? कादंबरी उत्तर देत नाही. धरणाखाली गेलेल्या गावांतील माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्नही ती सोबतच ठेवते, आणि तो तर आपण क्वचितच विचारतो.

घरात कादंबरी कशी वाचावी

या तिन्ही पुस्तकांतील सर्व काही पटेल असे नाही, आणि पटावे अशी अपेक्षाही नसावी. ‘घाचर घोचर’ फार कडवट वाटेल, ‘रेत समाधि’ फार पसरट, ‘रिंगाण’ फार खडतर. पण तिघांनीही वाचकाला त्याच्या स्वतःच्या घरात परत पाठवले आहे: एकाने पेढीवर, दुसरीने आजीच्या खोलीत, तिसऱ्याने गोठ्यात.

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र राहतात, त्यांना एक सोय आहे. कॉलेजात जाणाऱ्या नातीने इंग्रजी अनुवाद वाचावा, आईने हिंदी मूळ वाचावे, आजोबांना ‘रिंगाण’मधील चार पाने रोज कोणी वाचून दाखवावीत. चातुर्मासात प्रवास आणि समारंभ कमी असतात. स्वाध्यायाला धक्का न लावता संध्याकाळचा अर्धा तास यासाठी निघू शकतो. वाचून झाल्यावर एकमेकांना एवढेच विचारावे, की कोणत्या पानावर राग आला आणि कोणत्या पानावर आपले कोणी आठवले. या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून घरातील माणसे एकमेकांविषयी जे ऐकतील, ते एरवीच्या बोलण्यात सहसा निघत नाही.

आणि एखाद्या वडीलधाऱ्याने तरीही विचारले, की यातून मिळाले काय, तर त्यांना सोपाऱ्याच्या लोभदेवाची गोष्ट सांगावी. ती एका आचार्यांनीच लिहून ठेवली आहे, आणि ऐकणारे व्यापारीही होतेच.