ऑर्किडवाला दोस्त

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की वाटेत पांढरकवडा लागतो. इथे मे महिन्यात कुंडीतलं झाड जगवायचं तर वर हिरवी जाळी बांधा, ऊन अडवा. पॅरिसला नेमकं उलटं! तिथल्या थंडीत ऑर्किड हवं तर काचेचं घर बांधा आणि ऊन आत कोंडून ठेवा.

असंच एक काचघर एका चित्रकाराने चक्क आपल्या जेवणाच्या खोलीच्या दारांवर रंगवायला घेतलं. साल १८९३. नाव गुस्ताव कायबोत. मोने, रन्वा या इम्प्रेशनिस्ट मंडळींच्या ग्रुपमधला. शिक्षण वकिलीचं, वेड होड्या डिझाइन करण्याचं आणि वडिलांकडून आलेला भरपूर पैसा. पॅरिसजवळ सेन नदीकाठी त्याने घर घेतलं, बाग फुलवली, काचघरात ऑर्किड वाढवली. बागकामाच्या गप्पा मारायला मोने होताच!

या चित्रातली फुलं तोडून फुलदाणीत खोचलेली नाहीत. ती काचघरातच आहेत, वाढताहेत. म्हणजे जेवता जेवता दार उघडून थेट झाडांत शिरल्यासारखं वाटावं, अशी आयडिया. पण दारं पूर्ण झालीच नाहीत. फेब्रुवारी १८९४ मध्ये कायबोत गेला. वय फक्त ४५.

खरी गंमत मात्र त्याच्या मृत्युपत्रात आहे. ते त्याने १८७६ मध्येच लिहिलं होतं, अवघ्या २८व्या वर्षी! धाकटा भाऊ अचानक गेला होता, त्याचा धसका असावा. मित्रांची चित्रं कुणी विकत घेत नव्हतं, तेव्हा हा घेत होता. मोनेचं घरभाडंही त्याने भरलं. तो सगळा संग्रह त्याने सरकारला दिला. अट एकच: चित्रं माळ्यावर टाकायची नाहीत, म्युझियममध्ये लावायची. सरकारने बरीच खळखळ केली आणि साठहून जास्त चित्रांपैकी साधारण चाळीसच घेतली. आज ती पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहेत आणि त्यांच्यापुढे जगभरातून गर्दी लोटते.

आणि मृत्युपत्रातल्या संग्रहात स्वतःचं चित्र? एकही नाही! म्हणून तर कित्येक वर्षं लोक त्याला 'मित्रांची चित्रं विकत घेणारा श्रीमंत माणूस' म्हणूनच ओळखायचे. चित्रकार म्हणून त्याचं नाव झालं ते फार नंतर.

होळीच्या सुमारास पांढरकवड्याजवळ टिपेश्वरच्या जंगलात पळस पेटतो. तुमच्या ओळखीचं कुणी तो रंगवत असेल तर नुसतं 'मस्त रे!' म्हणून पुढे जाऊ नका. किंमत विचारा. पगार झालाय ना?