पाऊस शून्य, की नोंदच नाही?

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण शेवटी आपण माझ्याच विषयाकडे येणार आहोत.

समजा, रोजच्या पावसाच्या नोंदींची एक टेक्स्ट फाइल दूरच्या सर्व्हरवर आहे. ती इथे बेसात, घरच्या संगणकावर, 'आर'मध्ये आणायची आहे. काम एका ओळीचं: 'रीड डॉट सीएसव्ही' हा आदेश, आणि कंसात अवतरणचिन्हांत फाइलचा वेबपत्ता. मात्र दूरची फाइल उद्या बदलू शकते. म्हणून आधी 'डाउनलोड डॉट फाइल'ने तिची प्रत उतरवून घ्यावी.

आता खरी गोम. समजा, पाच दिवसांचे मिलिमीटरमधले आकडे असे आहेत: 12, 0, -999, 20, 8. उणे 999 मिलिमीटर पाऊस कधी पडतो का? त्या दिवशी नोंदच नाही, याची ती खूण. पण हे 'आर'ला कोण सांगणार? तो बिचारा सरासरी काढतो उणे 191.8! ही चूक निदान डोळ्यांत भरते. कुणी त्या जागी शून्य टाकलं, तर सरासरी येते 8. चूक तीही, पण दिसायला साळसूद.

म्हणून फाइल आणतानाच 'एनए डॉट स्ट्रिंग्ज'मध्ये -999 द्यायचं. मग ती जागा 'एनए' होते, म्हणजे 'उपलब्ध नाही'. आता सरासरी मागा, 'आर' नुसतं 'एनए' म्हणेल. रागावू नका, तो प्रामाणिक आहे. 'एनए डॉट आरएम'ला 'ट्रू' म्हटलं की मिळतात 10. ती सरासरी चारच दिवसांची, हे मात्र सोबत सांगायचं.

इथे मला कुमारिल भट्टांची परंपरा आठवते. भाट्ट मीमांसक 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानतात: घडा दिसत नाही, म्हणून तो नाही हे कळतं. पण अट आहे बरं का! असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, तर काहीच ठरत नाही. शून्य म्हणजे पर्जन्यमापक पाहिला, तो कोरडा होता. 'एनए' म्हणजे अंधार.

दुष्काळ ठरवताना पावसाची तूट बघतात. न मोजलेला दिवस कोरडा धरला, तर तूटही खोटीच निघणार. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांतला फरक संगणकाला आपसूक कळत नाही. तो आपणच सांगायचा असतो.