एल्व्हा नदीत मासे परतले

ऑक्टोबर २०२३ मधील गोष्ट. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीच्या काठी काही माणसे हातात गळ घेऊन उभी होती. लोअर एल्व्हा क्लालम या जमातीची, म्हणजे त्या भागातल्या मूळ रहिवाशांपैकी ही माणसे. नदी त्यांच्या दाराशी वाहते आणि मासा हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. तरीही मागची बारा वर्षे या नदीत मासेमारीला मनाई होती. २०११ मध्ये ही बंदी आली, तेव्हा तिला जमातीनेही संमती दिली होती. आता कोहो जातीच्या सॅल्मन माशांसाठी, अगदी थोड्या दिवसांपुरती आणि फक्त जमातीच्या लोकांपुरती परवानगी मिळाली होती.

माशावर जगणाऱ्यांनी बारा वर्षे आपल्याच नदीकडे नुसते पाहत बसायचे, हे ऐकायला सोपे वाटते. आपल्या कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या गावाला असे सांगून तर पाहा! पण त्या लोकांनी ते केले. का केले, हे समजण्यासाठी आधी या माशांची ओळख करून घ्यायला हवी.

समुद्रातून डोंगराकडे

पहिला पाऊस पडला की ओढ्या-वहाळांतून उलट्या दिशेने वर चढणारे 'चढणीचे मासे' कोकणातल्या वाचकांना ठाऊक आहेत. सॅल्मनची चढण याच जातीची, पण तिचा पसारा अफाट. तो जन्मतो डोंगरातल्या थंड, उथळ पाण्यात, गोट्यांच्या फटीत. मग प्रवाहाबरोबर खाली येतो, समुद्रात जातो, तिथे काही वर्षे खाऊन-पिऊन मोठा होतो आणि विणीची वेळ आली की शेकडो किलोमीटर समुद्र तुडवून नेमका आपल्याच जन्माच्या नदीत परततो. नदी ओळखतो कशी? मुख्यतः वासाने. लहानपणी नाकात बसलेला त्या पाण्याचा वास तो विसरत नाही, हे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले आहे.

नदीत शिरल्यावर तो खाणे जवळजवळ सोडून देतो. अंगातली चरबी जाळत वर चढतो, मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, अंडी घालते, आणि पॅसिफिक महासागरातला सॅल्मन त्यानंतर मरून जातो. त्याचे कलेवर अस्वले, गरुड खातात, उरलेले काठावरच्या झाडांना खत म्हणून मिळते. समुद्राचे सत्त्व डोंगरावर पोहोचवणारा असा दुसरा हमाल निसर्गाकडे क्वचितच असेल.

स्टीलहेड हा त्याचा जवळचा भाऊबंद, पण स्वभावाने वेगळा. खरे तर स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. दोघांची जात एक, शास्त्रीय नाव एक. जो नदीतच राहिला तो रेनबो ट्राउट, जो समुद्रात जाऊन पोलादी चकाकी घेऊन आला तो स्टीलहेड. एकाच आईची दोन पिल्ले, एक घरी राहते, दुसरे परदेशी जाते, असेही घडते. आणि विणीनंतर स्टीलहेड मरतोच असे नाही. काही पुन्हा समुद्रात जातात, पुन्हा येतात. हाच रेनबो ट्राउट ब्रिटिश अमदानीत आपल्या निलगिरीत आणला गेला आणि आज हिमाचल व काश्मीरमधल्या तळ्यांत वाढवला जातो. कुलू-मनालीच्या सहलीत आपण तळलेला ट्राउट खाल्ला असेल, तर या कथेतला एक नातेवाईक आपल्या ताटात येऊन गेला आहे. (मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण त्याचा सॅल्मनशी काही संबंध नाही. तो वेगळ्याच कुळातला.)

हजार वेळा गळ टाकावा तेव्हा

स्टीलहेडला तिकडचे गळकरी 'हजार फेकींचा मासा' म्हणतात. त्यात अतिशयोक्ती आहे, पण फारशी नाही. हिवाळ्यात, बर्फासारख्या पाण्यात, कमरेच्या वर येणारा रबरी पोशाख घालून माणूस तासन्‌तास उभा राहतो. दोन्ही हातांनी पेलायची लांब काठी, तिला जड दोरी, टोकाला पिसे आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी. दोरी तिरकी प्रवाहापलीकडे फेकायची आणि पाण्याच्या ओढीने ती कमानीसारखी अलीकडच्या काठाला येऊ द्यायची. मग एक पाऊल खाली सरकायचे आणि पुन्हा फेकायचे. ही दुहाती फेक मूळची स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवरची. काहीजण माशीऐवजी सॅल्मनची गाबोळी आमिष म्हणून लावतात; शौकीन मंडळी त्यांच्याकडे जरा नाक मुरडूनच पाहतात.

खरे कसब पाणी वाचण्यात आहे. मोठ्या धोंड्यामागची संथ जागा, वेगवान आणि संथ पाण्यामधली शिवण, डोहाचा उथळ होत जाणारा शेवट, अशा ठिकाणी वर चढणारा मासा दम खातो. पाऊस पडून नदी गढूळ झाली की काही उपयोग नाही; ती ओसरत, हिरवट होत असेल तेव्हा संधी. आणि भूक नसलेला मासा गळाला तोंड लावतोच का? राग, सवय, कुतूहल, अशी नाना उत्तरे दिली जातात. गळकरी या प्रश्नावर रात्र-रात्र वाद घालू शकतात.

मासा लागल्यावर आधी त्याच्या पाठीकडे बघायचे. शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा हा पर सोडण्याआधी कापून टाकतात. पर नसेल तर मासा सरकारी बीजाचा, तो नियमात बसत असेल तर घरी नेता येतो. पर शाबूत असेल तर मासा जंगली. बहुतेक नद्यांवर त्याला पाण्याबाहेरही न काढता सोडून द्यावे लागते. म्हणूनच गळालाही उलटा काटा नसतो.

एका धरणाची गोष्ट

एल्व्हा ही जेमतेम ७२ किलोमीटरची नदी. ऑलिम्पिक पर्वतात उगम, हुआन द फुका सामुद्रधुनीत शेवट. एवढ्याशा नदीत सॅल्मनच्या पाचही पॅसिफिक जाती आणि स्टीलहेड येत. तिथला चिनूक सॅल्मन शंभर पौंडांचा, म्हणजे सुमारे ४५ किलोचा होई, अशी ख्याती होती.

थॉमस ऑल्डवेल या उद्योजकाने १९१० मध्ये मुखापासून सुमारे आठ किलोमीटरवर धरण बांधायला घेतले. पाया खडकापर्यंत नेला नव्हता. १९१२ मध्ये तळातून पाणी फुटले आणि लोंढा खालच्या वस्तीत शिरला. तरी डागडुजी करून १९१३ मध्ये धरण उभे राहिलेच. १९२७ मध्ये त्याच्या वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅन्यन हे ६४ मीटर उंचीचे दुसरे धरण आले. वीज पोर्ट एंजेलिस गावाला आणि तिथल्या कागदगिरणीला मिळू लागली.

धरणात माशांना वाट ठेवलीच पाहिजे, असा कायदा त्या राज्यात १८९० पासून होता. मग वाट का ठेवली नाही? पळवाट काढली गेली. धरणाशेजारी मत्स्यबीज केंद्र काढा, म्हणजे माशांची शिडी नको, असा सौदा ठरला. ते केंद्र १९२२ मध्ये बंदही पडले. मासे मात्र भिंतीवर डोके आपटत राहिले. त्यांच्या वाट्याला उरली ती फक्त शेवटची आठ किलोमीटर नदी.

असे आपल्याकडे घडत नाही असे नाही. समुद्रातून गंगेत शिरून अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा १९७५ मध्ये फराक्का बंधारा झाल्यावर वरच्या भागात दुर्मीळ झाला. वीज आणि पाणी कुणालाही हवेच असते. पण हिशेबाच्या वहीत मासा आणि मासेमार यांचे पान बहुधा कोरेच राहते.

क्लालम लोकांच्या बाबतीत तर लेखी करार होता. १८५५ च्या पॉइंट नो पॉइंट तहात या भागातल्या जमातींनी जमीन सोडून दिली, पण आपल्या नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. प्रत्यक्षात विसाव्या शतकात वॉशिंग्टन राज्यभर जमातींचे लोक मासे धरल्याबद्दल पकडले गेले. निस्क्वाली नदीवरच्या बिली फ्रँक यांना १९४५ मध्ये पहिल्यांदा अटक झाली, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. पुढे त्यांना पन्नासहून अधिक वेळा पकडण्यात आले. अखेर १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्मे या जमातींचे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. एल्व्हावर मात्र प्रश्न उरला, निम्मे कशाचे? नदीत मासाच नव्हता!

भिंत पडली

१९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एल्व्हा नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला. २००० मध्ये सरकारने दोन्ही धरणे विकत घेतली. प्रत्यक्ष पाडकाम सुरू झाले ते सप्टेंबर २०११ मध्ये. खालचे धरण २०१२ च्या वसंतापर्यंत गेले, वरचे ऑगस्ट २०१४ मध्ये. शंभर वर्षांत साठलेला सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ खाली येणार होता. अशा चिखलात उरलेसुरले मासे तगणे अवघड, म्हणूनच तेव्हा मासेमारी बंद केली गेली.

तलाव रिकामा झाला आणि त्याच्या तळाशी क्लालम लोकांना एक खडक दिसला. निर्मात्याने आपल्याला इथे घडवले, असे त्यांच्या वृद्धांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली ती जागा. जवळजवळ शंभर वर्षे ती पाण्याखाली होती. जागा खरीच आहे, हे नातवंडांनी डोळ्यांनी पाहिले. सांगणारे बरेचजण तोवर गेले होते.

मासे किती दिवसांनी येतील, यावर तज्ज्ञांचे अंदाज चालू होते. माशांनी अंदाजांची वाट पाहिली नाही. २०१२ मध्येच चिनूक पहिल्या धरणाच्या जागेवरून वर गेले आणि २०१४ च्या सप्टेंबरात, दुसऱ्या धरणाचा शेवटचा तुकडा उडवल्यानंतर काही दिवसांतच, त्याच्याही वर दिसले. गाळाने मुखाशी नवा वाळूचा किनारा तयार केला.

सर्वांत नवलाची गोष्ट स्टीलहेडची. उन्हाळ्यात चढणारा स्टीलहेड एल्व्हातून जवळजवळ संपलाच होता. पण धरणांच्या वर रेनबो ट्राउट अडकून पडले होते, पिढ्या न्‌ पिढ्या, समुद्र न पाहता. वाट मोकळी होताच त्यांच्या वंशातली पिल्ले खाली निघाली, समुद्रात गेली, आणि काही वर्षांनी चकाकते स्टीलहेड होऊन परतली. जनुकांच्या तपासणीत त्यांचे नाते त्या अडकलेल्या माशांशी जुळले. उन्हाळ्यात शास्त्रज्ञ तोंडाला नळी लावून, पोटावर तरंगत नदी उतरतात आणि हे मासे मोजतात. कित्येक पिढ्या घरात कोंडलेल्या मुलांना समुद्राची वाट कुणी शिकवली असेल?

सगळे गोडच आहे असे मात्र नाही. परतलेल्या चिनूकमध्ये बहुतांश मासे मत्स्यबीज केंद्रातलेच निघाले. बीज सोडावे की नाही, यावरून जंगली माशांचे कैवारी कोर्टात गेले. बीज सोडल्याने रक्त पातळ होते, असे त्यांचे म्हणणे. केंद्र नसते तर गाळाच्या वर्षांत वंशच बुडाला असता, असे जमातीचे. मला दुसरी बाजू अधिक पटते. घर जळत असताना बादली कोणाची हे कोण विचारतो? पण आग विझल्यावरही बादल्या ओतत राहायचे का, हा पहिल्या पक्षाचा प्रश्नही टाळता येत नाही. गुलाबी सॅल्मन अजून फारच थोडे येतात. आणि समुद्राचे पाणी तापले तर नदी कितीही मोकळी असली तरी मासा परतेलच, याची हमी नाही.

२०२३ च्या त्या ऑक्टोबरात कोहोची संख्या पुरेशी वाटली आणि नदीच्या खालच्या टप्प्यात जमातीने गळ टाकले. शौकीन गळकऱ्यांवरची बंदी मात्र तेव्हाही उठली नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी धरण पाडावे म्हणून वर्षानुवर्षे जोर लावला होता, आणि आता तेच काठावरून हात बांधून पाहत होते.

वरच्या धरणाचा सांडव्याकडचा भाग मुद्दाम ठेवला आहे. तिथे उभे राहून खाली पाहिले की पूर्वीच्या तलावाच्या जागी कोवळी झाडी आणि तिच्यातून वळणे घेत जाणारी नदी दिसते. मोकळ्या झालेल्या नदीने एका पुरात तिथला मोटाररस्ता वाहून नेला, म्हणून सांडव्यापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर लोक पायी किंवा सायकलने जाऊ लागले.