उग्गानी : चुरमुऱ्यांची न्याहारी आणि पथ्यविचार

आंध्र प्रदेशातील रायलसीमेत, विशेषतः अनंतपूर व कर्नूल भागांत, सकाळी ‘उग्गानी’ आवडीने खातात. आपल्या मराठवाड्यातील सुशीला हा तिचाच जवळचा प्रकार होय.

दोघांसाठी सुमारे ४ वाट्या चुरमुरे पाण्यात क्षणभर भिजवून हलक्या हाताने पिळावेत. तेलात मोहरी, हरभऱ्याची डाळ, कढीपत्ता, हिरवी मिरची व कांदा परतून हळद घालावी. चुरमुरे मिसळून त्यांवर डाळ्यांचे कूट भुरभुरावे व शेवटी लिंबू पिळावे. सोबत मिरचीची भजी देण्याची तेथे रीत आहे.

‘हलका आहार घ्या’ एवढेच सांगितल्यास रुग्ण अशा पदार्थास सर्रास पथ्यकर मानतो, असे आम्हांस आढळते. येथे विवेक हवा. ग्रंथोक्त लाजा म्हणजे साळ भाजून फुलविलेल्या लाह्या. चुरमुरे मात्र उकड्या तांदळास बहुधा मीठ लावून तप्त वाळूत फुलवितात. म्हणून लाजांचे गुण चुरमुऱ्यांना जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे.

शोथ वा उच्च रक्तदाब असल्यास बिनमिठाचे चुरमुरे निवडावेत व वरून मीठ टाळावे. मधुमेहात रक्तशर्करा त्वरित वाढते, हे ध्यानी घेऊन प्रमाण अल्प ठेवावे. अम्लपित्तात मिरची व भजी वर्ज्य करावीत.

वैद्यांनी पथ्यपत्रकावर ‘साळीच्या लाह्या’ असे स्पष्ट लिहावे. औषधालय चालकांनी त्यांच्याऐवजी चुरमुरे देऊ नयेत, ही आमची विनंती.