इंग्लंडांतील तरुणसेवा आणि तिचा खर्च

शाळा सुटल्यावर मुलगा कोठें जातो, ही काळजी आईबापांची, असें आपण धरून चालतों. इंग्लंडांत तिचा कांहीं भाग कायद्यानें स्थानिक कौन्सिलांवर, म्हणजे तेथील नगरसंस्था व जिल्हासंस्थांवर, टाकला आहे, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

याचा आरंभ युद्धांत झाला. बाप लढाईवर, रस्त्यांत काळोख, आणि चौदाव्या वर्षीं शाळा सोडलेलीं मुलें मोकळीं! तेव्हां नोव्हेंबर १९३९ मध्यें शिक्षणमंडळानें परिपत्रक काढून स्थानिक शिक्षणसंस्थांस तरुणांकरितां समित्या नेमण्यास सांगितलें. पुढें १९४४ चा शिक्षणाचा कायदा आला. १९६० मध्यें लेडी आल्बमार्ल यांच्या समितीचा अहवाल निघाल्यावर सरकारनें हात सैल केला. नवे क्लब बांधले गेले, आणि तरुणसेवक तयार करण्यासाठीं लेस्टर येथें खास विद्यालय निघालें.

कौन्सिलाजवळ पैसा येतो तो मुख्यतः घरांवरील करांतून, व्यापारी जागांवरील करांतून आणि मध्यवर्ती सरकारच्या अनुदानांतून. त्यांतून ती स्वतः क्लब चालविते, सेवकांस वेतन देते, अथवा एखाद्या स्वयंसेवी मंडळास साह्य करते.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९९६ च्या कायद्यांत २००६ सालीं घातलेल्या कलमाप्रमाणें १३ ते १९ वर्षांच्या तरुणांना फावल्या वेळच्या पुरेशा सोयी मिळवून देणें हें कौन्सिलाचें कर्तव्य आहे. परंतु तें वाजवी रीतीनें शक्य असेल तेथवरच. किती क्लब, किती सेवक, किती पौंड, याविषयीं कलम मुकें आहे. माझ्या मतें सारें पाणी मुरतें तें येथें. वृद्धांची शुश्रूषा व अनाथ मुलांचें रक्षण यांची कर्तव्यें कडक असल्यामुळें, २०१० नंतर सरकारी अनुदान आटलें तेव्हां त्या खर्चास हात लावणें कठीण होतें. कात्री तरुणसेवेवर चालली. २०१० ते २०१९ या अवधींत, महागाई हिशेबांत धरली असतां, इंग्लंडांतील कौन्सिलांचा हा खर्च सुमारें ७० टक्क्यांनीं घटला. शेंकडों क्लबांचीं दारें बंद झालीं.

स्वयंसेवक पुढें आले, हें खरें, व त्यांचे उपकार मोठे. पण घरीं मार खाणारा मुलगा आपलें दुःख पहिल्याच संध्याकाळीं कोणास सांगत नाहीं. एकच मनुष्य वर्ष दोन वर्षें नेमानें दारांत उभा दिसला, म्हणजे मग तो हळूच सांगतो. अंदाजपत्रकांतून पुसावयास सर्वांत सोपें ठरलें तें याच मनुष्याचें वेतन.