अजिंठ्याच्या प्रतिकृती : चित्र की निरीक्षण?

हातात निळे कमळ घेतलेला पद्मपाणी आपल्या ओळखीचा असतो. ग्रंथालय, बुद्धविहार, सभागृह, सरकारी कचेरी अशा कितीतरी ठिकाणच्या भिंतींवर तो आढळतो. आपण त्याला सहजपणे 'अजिंठ्याचे चित्र' म्हणतो. मूळ चित्र पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. आपण पाहतो ती कोणीतरी हाताने रंगवलेली प्रतिकृती. विज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर प्रतिकृती हे एक निरीक्षण आहे. म्हणून कोणत्याही निरीक्षणाला विचारतो ते प्रश्न तिलाही विचारायला हवेत. ते कोणी केले? केव्हा केले? आणि ते करताना मूळ वस्तूत काही बदल झाला का?

यातला शेवटचा प्रश्न अजिंठ्याच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. तेथील कातळावर आधी मातीचा गिलावा दिलेला आहे. त्या मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर पांढरा पातळ थर आणि त्यावर रंग. तांबडा व पिवळा रंग लोहयुक्त मातीचा, काळा काजळीचा, तर काही निळा अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. ओल्या चुन्यावर रंगवले, तर चुना वाळताना रंगकण त्यात पक्के अडकतात. अजिंठ्यात तसे नाही. तेथे कोरड्या पृष्ठभागावर रंगकण चिकटद्रव्याने धरून ठेवलेले आहेत. त्यामुळे पाणी, ओल आणि मानवी हात या तिन्हींपासून त्यांना धोका असतो.

१८१९ मध्ये ही लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली. चित्रे झडत होती, म्हणून त्यांची नोंद करणे निकडीचे ठरले. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने मोठ्या आकाराच्या प्रतिकृती काढल्या. त्या लंडनला पाठवण्यात आल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी कामाला लागले. पुढे नावारूपाला आलेले पेस्तनजी बमनजी हे त्यांपैकीच एक. १८७२ ते १८८५ या काळात सुमारे ३०० चित्रे तयार झाली. १८८५ च्या लंडनमधील आगीत त्यांतील शंभरहून अधिक नष्ट झाली. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात येऊन केलेल्या प्रतिकृती १९२३ च्या टोकियो भूकंपात गेल्या. सुरक्षित राहाव्यात म्हणून दूर नेलेल्या नोंदी जळाल्या, आणि ज्यांच्या काळजीने त्या केल्या ती चित्रे मात्र कातळात टिकून राहिली!

टिकली, पण जशीच्या तशी नव्हे. ग्रिफिथ्स यांच्या काळात चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश लावले गेले. व्हार्निशमधील राळेचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ती पिवळी-तपकिरी पडते. पिवळ्या काचेतून निळे कापड पाहिले की ते हिरवट दिसते, तसेच येथे झाले. पुढे १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी गिलावा सावरला, पण लाखेचा थरही दिला. तोही कालांतराने काळवंडला.

आता १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम, नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रतिकृती गिल यांच्या प्रतिकृतींशेजारी ठेवल्या आणि रंगात फरक दिसला, तर तो चित्रकाराच्या हाताचा की भिंतीचा? दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. एकच प्रयोग अनेकांनी स्वतंत्रपणे करावा असे आपण म्हणतो, ते याचसाठी. अनेक प्रतिकृतींत जे समान आढळते त्यावर अधिक भरवसा ठेवता येतो. एखादा भाग जुन्या प्रतिकृतीत असेल आणि आज भिंतीवर नसेल, तर ती प्रतिकृतीच त्याचा पुरावा ठरते.

याची प्रचिती जपानमध्ये आली. होर्यूजी मंदिरातील सुवर्णगृहाची बौद्ध भित्तिचित्रे हुबेहूब उतरवून घेण्याचे काम १९४० पासून चालू होते. हेच अराई काम्पो त्या कामातही होते. काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी तेथे आग लागली आणि मूळ रंग नाहीसे झाले. परंतु १९३५ मध्ये काढलेली पूर्ण आकाराची छायाचित्रे हाताशी होती. त्यांच्या आधारे चित्रकारांनी ती चित्रे पुन्हा रंगवली आणि १९६८ पर्यंत ती सुवर्णगृहात बसवण्यात आली.

प्रतिकृतीचेही वय होते, हे विद्यार्थ्यांना सहज दाखवता येईल. जाड कागदाच्या दोन पट्ट्यांवर डिंकाच्या पाण्यात कालवलेला गेरू आणि हळद वेगवेगळी रंगवा. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात रंगीत कापडाचे तुकडेही सहज मिळतील, तेही घ्या. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि सर्व नमुने दोन आठवडे उन्हात ठेवा. हळद फिकी पडेल, गेरू जवळजवळ तसाच राहील. गेरू हा लोहाचा स्थिर ऑक्साइड आहे. हळदीतील रंगद्रव्याचे सेंद्रिय रेणू मात्र प्रकाशाने तुटतात. कापडाचे काय होते, ते विद्यार्थ्यांनीच नोंदवावे.

आपल्या शाळेच्या भिंतीवर असे चित्र असेल किंवा नव्याने काढायचे असेल, तर त्याखाली चार गोष्टी जरूर लिहाव्यात : मूळ चित्र कोठले, ही प्रतिकृती कशावरून केली, कोणत्या रंगांनी केली आणि केव्हा केली. पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्याला त्यातले काय मूळचे आणि काय नंतरचे, हे ठरवायला या चार ओळींचाच आधार असेल.