बंबातील राख आणि पोकलेनचा फिल्टर



पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तेथे तांब्याची भांडी घडतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता, काहींच्या माळ्यावर अजून असेल. ज्याने बंब पेटवला आहे, त्याला आजचा विषय निम्मा आधीच ठाऊक आहे. मधल्या नळीत काजळी धरते, खाली राख साचते. जाळ चांगला धडधडला की नळीतली बरीचशी काजळी जळून जाते. राख मात्र जळत नाही, ती हातानेच काढावी लागते.

हाच प्रकार आता डिझेल यंत्रांच्या सायलेन्सरमध्ये आला आहे. एप्रिल २०२० नंतरचे बीएस-सहा ट्रक आणि जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या नियमांप्रमाणे बनलेले बहुतेक जेसीबी-पोकलेन यांना काजळी अडविणारा फिल्टर असतो. मिस्त्री त्याला डीपीएफ म्हणतात. कंपनीने तो हौस म्हणून बसविलेला नाही. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केले. कसबा पेठेच्या पोटातून सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो धावते. तसल्या दाट वस्तीत खोदकाम निघाले की यंत्राचा धूर लोकांच्या खिडकीत जातो. आपल्याकडे वस्ती विरळ, पण चालक दिवसभर त्या धुराजवळच बसतो ना!

फिल्टर म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा, भाजलेल्या मातीच्या जातीचा ठोकळा. त्यातील नळ्या आलटून पालटून एकेका टोकाला बंद असतात, त्यामुळे धुराला भिंतीतल्या बारीक छिद्रांतूनच जावे लागते. कारखान्यात फिल्टरवर प्रेसमड धरतो, तशी काजळी भिंतीवर धरते. इंजिन भाराखाली तापले की ती हळूहळू आपोआप जळते. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र स्वतः जादा डिझेल सोडून उष्णता सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते. यंत्र तासन्‌तास नुसते चालू ठेवले तर एवढी उष्णता धरत नाही आणि दिवा लागतो. मग यंत्र उभे करून, बटण दाबून, बहुधा अर्धा-पाऊण तास काजळी जाळावी लागते.

खरी चूक इथेच होते. "एवढी खेप होऊ द्या, मग बघू," असे चालक म्हणतो, किंवा अर्ध्यावरच इंजिन बंद करतो. काजळी साठत जाते, इंजिनाची ताकद कमी होते, आणि एखाद्या दिवशी साठलेली सगळी एकदम पेटून ठोकळा तडकतो. आणखी एक, आणि हे विसरू नका: काजळी जाळताना यंत्र वाळल्या पाचटावर उभे करू नये. धुराड्यातून निघणारी हवा पाचट पेटवू शकते. उभ्या उसाला आग लागली तर फिल्टरचा खर्च काहीच नाही, असे म्हणायची पाळी येईल.

आता राख. ती मुख्यतः इंजिन ऑइलमधील रसायनांची असते, म्हणून पुस्तकात सांगितलेले कमी राखेचेच ऑइल घालावे. काही हजार तासांनी फिल्टर उतरवून साफ करावा लागतो. नेमके तास पुस्तकात असतात. जाणकार दुकानात आधी त्याचे वजन करतात. मग बंद पेटीत, धूर बाहेर पडतो त्या बाजूने, म्हणजे उलट दिशेने, बेताच्या दाबाची हवा सोडतात. राख चिकटून बसली असेल तर भट्टीत सावकाश तापवून, सावकाश निववून पुन्हा हवा मारतात. शेवटी वजन आणि हवेचा दाब तपासतात.

घरी पाण्याचा फवारा, ॲसिड, हातोडी यांपैकी काही करू नये. ठोकळा आतून फुटतो आणि बाहेरून दिसत नाही. ती राख नाकात जाऊ देऊ नये. फिल्टर वारंवार भरत असेल तर नोझल किंवा टर्बोतून ऑइल जाते का ते आधी पाहावे, नाहीतर साफसफाईचे पैसे वाया. "काढूनच टाकतो, कटकट नको," म्हणणारेही भेटतील, त्यांच्या नादी लागू नये.

परत बसविताना दिशेचा बाण पाहावा, गॅस्केट नवे घालावे आणि यंत्राच्या संगणकातील राखेची नोंद शून्यावर आणून घ्यावी. साफ झालेल्या फिल्टरचे वजन वहीत लिहून ठेवावे, पुढच्या वेळी दुकानदाराने काम नीट केले की नाही ते त्यावरूनच कळते.